लकव्याच्या रुग्णाचा सीटी वाचताना: कोकणातल्या नव्या डॉक्टर-टेक्निशियनसाठी

किनारपट्टीवरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि सीटीचे टेक्निशियन यांच्यासाठी हे लिहितो आहे. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आणलेला माणूस दारात आला की त्याच्या मेंदूच्या चित्रात काय शोधायचं आणि कुठल्या क्रमाने, एवढाच विषय. रात्री दोन वाजता रेडिओलॉजिस्ट सगळीकडे हजर नसतो. चित्र आधी तुमच्याच डोळ्यांसमोर येतं.

एक गोष्ट आधीच ठाम सांगतो. पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल आला म्हणून स्ट्रोक (लकव्याचा झटका) नाही असं होत नाही. हात लुळा पडलाय, बोलणं गेलंय आणि सीटी मात्र स्वच्छ आहे, अशा रुग्णाचा बराचसा मेंदू बहुधा अजून वाचवता येण्याजोगा असतो. ‘सीटी नॉर्मल आहे, घेऊन जा, मालिश करा’ असं ऐकून घरी परतलेले रुग्ण पाहिले की जीव तुटतो.

आपण नक्की काय शोधतो

बहुतेक स्ट्रोकमध्ये रक्तवाहिनी तुंबलेली असते, उरलेल्यांत फुटलेली. तुंबलेल्यांचं गणित असं: मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त लागतं. पुरवठा २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. १० च्या खाली गेला की थोड्याच वेळात मरतात. आस्ट्रूप, सीस्यो आणि सायमन यांनी १९८१ मध्ये हे दोन उंबरठे मांडले. दोन उंबरठ्यांच्या मधला भाग म्हणजे पेनम्ब्रा, आणि मेलेला तो कोअर.

सुपारीच्या वाडीत वरच्या अंगाला पाट फुटला तर सगळे वाफे एकदम सुकत नाहीत. थेट त्या पाटावर अवलंबून असलेला वाफा आधी जातो, शेजारच्या पाटाचं पाणी झिरपतं त्या कडेचा वाफा ओलसर राहतो. मेंदूतही शेजारच्या वाहिन्यांकडून असं झिरपणं चालू असतं. ते कुणात भरपूर असतं, कुणात नावापुरतं. म्हणून एकाच वेळी आलेल्या दोन रुग्णांपैकी एकाचा कोअर सुपारीएवढा असतो आणि दुसऱ्याचा अर्धा मेंदू गेलेला असतो. मोठी वाहिनी तुंबली असेल तर सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. कोकणात रुग्ण आधीच उशिरा पोचतो, त्यामुळे उरलेली मिनिटं आपल्या हातून जाता कामा नयेत.

मशीनकडे जाण्याआधी: वेळ आणि साखर

घरच्यांना ‘कधी झालं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘सकाळी.’ विचारायचं असतं ते असं: ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?’

समजा, देवबागचा साठीतला रापणकर आहे. पहाटे पाचला बायकोने हाक मारली तेव्हा त्याचा उजवा हात हलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याची वेळ पाचची धरायची नाही. रात्री दहाला जेवून, नीट बोलून झोपला असेल तर घड्याळ रात्री दहापासून सुरू. पण साडेतीनला उठून तो भावाशी भरतीबद्दल दोन शब्द बोलला आणि पुन्हा आडवा झाला असं कळलं, तर घड्याळ साडेतीनपासून धरायचं. या एका माहितीने सगळा निर्णय फिरतो. शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत देता येतं. पूर्वी ही मर्यादा तीन तासांची होती, २००८ च्या ईकॅस-३ चाचणीनंतर ती वाढली. रात्री दहा धरलं तर मुदत संपलेली, साडेतीन धरलं तर सकाळी आठपर्यंत हातात वेळ आहे.

म्हणून खोदून विचारा. जत्रेत रात्रभर दशावतार पाहून आलेला असेल तर शेजारी कोण बसलं होतं त्याला फोन लावा. खलाशी असेल तर तांडेलाला विचारा. रुग्णाच्या मोबाइलवर शेवटचा कॉल किती वाजता झाला आणि तेव्हा तो स्पष्ट बोलत होता का, हेही बघा.

दुसरं काम ग्लुकोमीटरचं. साखर खूप खाली गेली की हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. बोटाला टोचून साखर पाहायला अर्धं मिनिट पुरतं, ते झाल्याशिवाय रुग्ण टेबलावर घेऊ नका. आकडीनंतरही काही वेळ एक बाजू लुळी राहू शकते, तेही विचारून घ्या.

टेबलावर: टेक्निशियनच्या हातातलं

डोकं सरळ. हे वाक्य लिहून कन्सोलवर चिकटवावं इतकं महत्त्वाचं आहे. डोकं कलंडलेलं असलं की एका बाजूचा काप वरून जातो, दुसऱ्या बाजूचा खालून, आणि दोन्ही बाजूंची तुलना करताच येत नाही. स्ट्रोकचं सगळं वाचन डाव्या-उजव्याच्या तुलनेवर चालतं. पट्टा बांधा, दोन्ही बाजूंना स्पंज लावा, रुग्ण हलला तर तेवढेच काप पुन्हा घ्या.

प्लेन सीटी म्हणजे बिनकॉन्ट्रास्टचा, शिरेतून रंग न देता काढलेला, तो आधी. पाच मिलिमीटरचे जाड काप पाहायला सोपे असतात, पण त्याच डेटातून एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप काढून ठेवा. वाहिनीतली गुठळी जाड कापांत हरवते.

तुमच्याकडे कॉन्ट्रास्ट देण्याची सोय असेल तर त्याच बैठकीत सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र, करून टाका, छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत. कोपराच्या पुढच्या शिरेत १८ गेजची कॅन्युला आधीच लावलेली असावी. मूत्रपिंडाचा जुना विकार नसेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायची गरज नसते. मात्र गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं ठरलं असेल तर अँजिओग्राफीसाठी ते अडवू नका.

पहिला प्रश्न: रक्त आहे का?

स्क्रीनच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते, हे नव्या माणसाने दरवेळी मनात म्हणावं.

ताजं रक्त पांढरं दिसतं, साधारण ५० ते ८० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवर घनता मोजायचं एकक). रक्तदाबाच्या रुग्णांत ते बहुधा मेंदूच्या आतल्या गाभ्यात, बेसल गँग्लिया किंवा थॅलॅमसमध्ये सापडतं. मोठा गोळा कुणालाही दिसतो. निसटतं ते थोडंसं रक्त: व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) मागच्या शिंगांत साचलेलं, मेंदूच्या बाजूच्या सिल्व्हियन फटीत पसरलेलं, कवटीला चिकटून पातळ पट्टीसारखं असलेलं. या तीन जागा मुद्दाम पाहा. पिनियल ग्रंथी, कोरॉइड प्लेक्सस आणि ग्लोबस पॅलिडसमधला चुना रक्तासारखा चकवतो. तो बहुतेकदा दोन्हीकडे सारखा असतो आणि त्याचा आकडा बऱ्याचदा १०० च्या वर जातो, म्हणून कर्सर ठेवून मोजा. उलटा चकवाही आहे. हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या रुग्णात ताजं रक्त तेवढं पांढरं दिसत नाही.

रक्त सापडलं तर त्याचं आकारमान लगेच काढा: सर्वांत मोठ्या कापावर लांबी, तिला काटकोनात रुंदी, आणि किती कापांत दिसतं त्यावरून उंची. तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराचे निम्मे करा. ४ गुणिले ३ गुणिले ३, भागिले २, म्हणजे १८ मिली. न्यूरोसर्जन फोनवर हाच आकडा विचारतो. इथून पुढे वाट वेगळी, गुठळीचं औषध बाद.

रक्त नाही. आता विंडो अरुंद करा

नवे लोक इथेच थांबतात, आणि खरं काम इथून सुरू होतं.

विंडो म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा जेवढ्या घनतेवर पसरवायच्या तो पट्टा. मेंदूचा नेहमीचा विंडो ८० रुंदीचा, मध्य ४० वर असतो. तो ४० रुंदी, मध्य ४० असा करा, हवं तर रुंदी ३० पर्यंत आणा. कारण असं: रक्त बंद झालेल्या भागात पाणी शिरतं, आणि पाणी एक टक्का वाढलं की घनता सुमारे अडीच युनिटने उतरते. सुरुवातीच्या तासांत सगळा फरक दोन-चार युनिटचाच असतो. रुंद विंडोत तेवढा फरक डोळ्याला कळत नाही, अरुंद विंडोत तोच भाग काळपट दिसू लागतो. खोलीतला दिवा मालवा. सकाळच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरवर हे दिसणार नाही.

सीटीत ग्रे मॅटर (पेशींचा भाग) व्हाइट मॅटरपेक्षा (तंतूंच्या भागापेक्षा) उजळ दिसतं, आणि निरोगी मेंदूत दोघांमधली रेघ स्पष्ट असते. स्ट्रोकची पहिली खूण म्हणजे ती रेघ पुसली जाणं.

आता आपल्या रापणकराकडे बघू. उजवा हात आणि बोलणं गेलंय, म्हणजे संशय डाव्या मेंदूवर, मिडल सेरिब्रल आर्टरीच्या (मेंदूच्या बाजूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीच्या) क्षेत्रावर. आधी अगदी खालच्या कापांत डोळ्यांची बुबुळं बघा. दोन्ही डोळे डावीकडे वळलेले असतील तर ते बिघडलेल्या बाजूकडेच बोट दाखवतायत. मग थोडं वर, कवटीच्या तळापाशी, मिडल सेरिब्रल आर्टरीचा आडवा भाग: डावीकडची नळी उजवीपेक्षा जास्त पांढरी, दोरीसारखी दिसते का? ती गुठळी असू शकते. दोन्हीकडे सारखीच पांढरी असेल तर तो शुष्कतेचा किंवा घट्ट रक्ताचा परिणाम असू शकतो. ही खूण दिसली तर भक्कम पुरावा, पण न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

आणखी वर गेलं की लेंटिफॉर्म न्यूक्लियस येतो. उजवीकडे त्याचा भिंगासारखा आकार कडेने उठून दिसेल, डावीकडे तो आजूबाजूत विरून गेलेला असेल. त्याच्या बाहेरच्या अंगाला इन्सुला, सालाची, म्हणजे कॉर्टेक्सची, पातळ उजळ पट्टी. ती एका बाजूला नाहीशी झाली असेल तर ही फार लवकर येणारी खूण आहे. शेवटी पृष्ठभागावरच्या खाचा: एका बाजूला बुजल्यात का? इथे एक बारकावा आहे. खाचा बुजल्यात पण रंग काळवंडलेला नाही, असा भाग बहुधा मेलेला नसतो. तिथे वाहिन्या फुगून रक्त धरून बसलेल्या असतात. काळवंडणं हीच मरणाची खूण.

दहापैकी किती?

जे दिसलं ते आकड्यात मांडायला अ‍ॅस्पेक्ट्स हा स्कोअर आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या गटाने तो २००० साली प्रसिद्ध केला. मिडल सेरिब्रल आर्टरीच्या क्षेत्राचे दहा तुकडे करायचे. खालच्या पातळीवर सात: कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, इन्सुला, आणि सालाचे पुढून मागे एम-१, एम-२, एम-३. व्हेंट्रिकलच्या वरच्या पातळीवर तीन: एम-४, एम-५, एम-६. दहापासून सुरू करून बिघडलेल्या प्रत्येक तुकड्याचा एक गुण वजा. लागोपाठ दोन कापांत दिसलं तरच वजा करा. जुना डाग मोजू नका.

आपल्या रापणकराचा लेंटिफॉर्म आणि इन्सुला गेलेले, बाकी ठीक, म्हणजे आठ. वाचवण्यासारखं बरंच काही आहे. पूर्वी सहाच्या खालच्या रुग्णांना वाहिनीतून गुठळी काढायच्या उपचारासाठी सहसा घेत नसत. २०२२ आणि २०२३ मधल्या चाचण्यांत तीन ते पाच स्कोअरच्या रुग्णांनाही फायदा दिसला. त्यामुळे स्कोअर कमी आहे म्हणून तालुक्याच्या ठिकाणी बसून आपणच दार लावून घेऊ नये. आकडा कळवा, निर्णय न्यूरोच्या टीमला घेऊ द्या.

अँजिओग्राफी झाली असेल तर एकच बघा: मोठी वाहिनी कुठे तुटल्यासारखी थांबते का? इंटर्नल कॅरोटिडचं टोक, मिडल सेरिब्रलचा पहिला भाग, आणि मागची बेसिलर. तुटलेल्या जागेच्या पुढे फांद्या भरलेल्या दिसल्या तर झिरपणं चांगलं चालू आहे.

एमआरआय कधी, आणि त्यात काय बघायचं

साडेचार तासांच्या आत आलेला, सीटीत रक्त नसलेला रुग्ण केवळ खात्रीसाठी एमआरआयला पाठवू नका. किनारपट्टीवर एमआरआय बहुधा दुसऱ्या गावी असतो. त्या वाटेवर औषधाची वेळ निघून जाते. माझ्या मते, नीट वाचलेला प्लेन सीटी आपल्या भागात उशिरा झालेल्या सुंदर एमआरआयपेक्षा जास्त मेंदू वाचवतो.

एमआरआय खरोखर उपयोगी पडतो तो वेळ कळत नसेल तेव्हा. डिफ्यूजन चित्रात मरू घातलेला भाग काही मिनिटांतच चकाकतो, कारण सुजलेल्या पेशींत पाण्याचे रेणू अडकून पडतात. पण चकाकलं की ताजा स्ट्रोक, असं लगेच म्हणू नका. शेजारी एडीसी नकाशा (पाणी किती मोकळं हलतंय ते दाखवणारा) उघडा. तिथे तोच भाग काळा असेल तर ताजा. एडीसीवरही उजळ असेल तर जुन्या डागाचं पाणी चकाकतंय. फ्लेअर या दुसऱ्या एमआरआय चित्रात बदल उमटायला साधारण साडेचार तास किंवा जास्त लागतात. म्हणजे डिफ्यूजनवर डाग आहे आणि फ्लेअर कोरं आहे, तर घटना बहुधा ताजी. २०१८ च्या वेक-अप चाचणीत याच आधारावर झोपेतून लकवा घेऊन उठलेल्या रुग्णांना औषध दिलं गेलं आणि त्यांचा फायदा झाला. भावाची साडेतीनची आठवण मिळाली नसती, तर आपल्या रापणकराला हाच मार्ग उरला असता. चोवीस तासांच्या आत डिफ्यूजनही क्वचित कोरं निघतं, विशेषतः ब्रेनस्टेममध्ये. समोरच्या रुग्णावर जास्त विश्वास ठेवा.

परफ्यूजन (मेंदूत रक्त कुठे किती आणि किती उशिरा पोचतं त्याचा नकाशा) तुमच्याकडे बहुधा नसेल. मोठ्या केंद्राचा रिपोर्ट हातात आला तर वाचता यावा इतकंच सांगतो. रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांखाली गेलेला भाग कोअर धरतात, आणि टीमॅक्स (रक्त पोचायला होणारा उशीर) ६ सेकंदांच्या वर गेलेला सगळा भाग धोक्यात. दोघांतला फरक म्हणजे वाचवता येणारा मेंदू. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांनी निवडक रुग्णांत गुठळी काढायची मुदत २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. घाटाखालच्या रुग्णासाठी याइतकी मोठी बातमी मला दुसरी दिसत नाही.

जुना की नवा?

कोकणात एकट्याने राहणारे वृद्ध बरेच, आणि पुष्कळांच्या मेंदूत आधीचा डाग असतो. जुना डाग व्हेंट्रिकलमधल्या पाण्याइतका काळा, कडा कोरलेल्या, आणि जवळचं व्हेंट्रिकल त्याच्याकडे ओढलं गेलेलं. नवा डाग फिकट काळपट, कडा अस्पष्ट, आणि सूज आसपासच्या भागाला ढकलते. ओढलेलं असेल तर जुनं, ढकललेलं असेल तर नवं. चोवीस तासांनी नवा डाग सीटीत ठळक होतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही डाग शेजारच्या मेंदूसारखेच दिसू लागतात. त्या काळात काढलेला सीटी स्वच्छ वाटला तरी डाग गेलेला नसतो.

डाग एखाद्या धमनीच्या क्षेत्रात बसतच नसेल, त्यात ठिपक्याठिपक्यांनी रक्त असेल, आणि रुग्ण तरुण असेल, विशेषतः नुकतीच बाळंत झालेली, तर शिरेतल्या गुठळीचा विचार करा. मागच्या बाजूच्या मोठ्या सायनसमध्ये (मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत) पांढरी दोरी दिसते का पाहा. उपचार पूर्ण वेगळा आहे. चक्कर, उलट्या, तोल जाणं अशी लक्षणं असतील तर लहान मेंदूकडे वळा, पण तिथे कवटीच्या जाड हाडांमुळे सीटीत काळ्या-पांढऱ्या रेघा येतात आणि फारसं दिसत नाही. अशा रुग्णाला स्वच्छ सीटीच्या भरवशावर घरी पाठवू नका.

चित्र पुढे पाठवताना

व्ह्यूबॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो निरुपयोगी असतो. दोन युनिटचा फरक त्यात कुठून दिसणार? मूळ डायकॉम फाइल (मशीनमधला चित्राचा पूर्ण डेटा) पाठवा. तेवढं नेट नसेल तर मॉनिटरवर अरुंद विंडो लावून, खालपासून वरपर्यंत सावकाश काप सरकवत व्हिडिओ काढा, रुग्णाचं नाव झाकून. सोबत चार ओळी: शेवटचं ठणठणीत कधी होता, कुठली बाजू, साखर आणि रक्तदाब, अ‍ॅस्पेक्ट्स किती.

हे सगळं गाडी सुटण्याआधी. औषध देता येत असेल तर इथेच सुरू करा, आणि मग १०८ ची गाडी सोडा. कुठे पाठवायचं हे आधी ठरलेलं हवं: सावंतवाडी-कुडाळकडून गोव्यातल्या बांबोळीला, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरला, चिपळूणकडून कुंभार्ली चढून कराडला. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून घाट बंद होतात, म्हणून रोज ड्युटीवर आल्या आल्या कुठला घाट चालू आहे ते विचारून फळ्यावर लिहून ठेवा.

गुठळीचं औषध दिलेल्या रुग्णाचा चोवीस तासांनी पुन्हा सीटी होतोच, रक्तस्राव झाला का ते पाहायला. तो दुसऱ्या गावी झाला असला तरी मागवून घ्या. पहिल्या सीटीशेजारी तो लावा आणि आज जिथे ठळक काळा डाग दिसतो, तिथे काल अरुंद विंडोत काय होतं ते परत जाऊन बघा. दरवेळी असं करत गेलात तर थोड्याच महिन्यांत पुसलेली इन्सुला तुम्हाला स्वतःहून दिसू लागेल.